शेजारधर्म आणि निवारा

डहाणू रोड स्थानकातून पहाटे मुंबईकडे निघणाऱ्या गाड्यांतून भाजीपाला जातो, घोलवडचे चिकू जातात, नोकरदार जातात आणि मजुरांच्या टोळ्याही जातात. दिवाळी आटोपली की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यातील वारली, कोकणा, दुबळा, कातकरी कुटुंबे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला लागतात. पावसाच्या तोंडाशी ती परततात. जाताना मुकादमाकडून घेतलेली उचल किती आणि येताना हाती उरले किती, याचा हिशेब निदान मुकादमाच्या वहीत असतो. गेले किती आणि परतले किती, याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. एखादा परतत नाही. चौकशी केली तर पाड्यावरचे लोक म्हणतात, 'तो दारूत गेला.' एवढ्यावर विषय संपतो.

न परतलेला माणूस हवेत विरून गेलेला नसतो. कुठल्या तरी फलाटावर, उड्डाणपुलाखाली किंवा बाजाराच्या ओट्यावर तो पडलेला असतो. येणारे जाणारे त्याला वळसा घालून जातात. त्याला उचलणारा, आंघोळ घालणारा, जखम धुऊन पट्टी बांधणारा हात पुष्कळदा एखाद्या ख्रिस्ती संस्थेचा असतो. या गोष्टीकडे पाहण्याची सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाची दृष्टी अर्धी आदराची आणि अर्धी संशयाची आहे. आदर तोंडाने व्यक्त होतो, संशय मनात राहतो आणि या दोहोंच्या आडोशाला स्वतः काहीही न करण्याची सोय होते. या सोयीचीच चिकित्सा करण्याची वेळ आली आहे. निराधारांच्या आणि व्यसनातून उठू पाहणाऱ्यांच्या आश्रयगृहाची गरज किती, तेथील सेवा निर्मळ आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि त्या सेवेचा भार अखेर कोणी वाहायचा, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

सीमेवरचे अर्थकारण

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणूची लोकसंख्या सुमारे चार लक्ष आणि तलासरीची दीड लक्षाहून थोडी अधिक होती. तलासरीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. या तालुक्यांचे भौगोलिक स्थान मोठे विचित्र आहे. उत्तरेस गुजरात, जेथे राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. त्याच गुजरातच्या कुशीत दमण आणि शेजारी सिल्वासा. तेथे दारू खुली आणि महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त. या दोन टोकांच्या मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून धावतो. जेथे एकाच वस्तूच्या तीन किमती एकमेकींना खेटून उभ्या असतात तेथे त्या वस्तूची चोरटी ने-आण होणारच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. ही ने-आण करणारे हात स्थानिक असतात आणि त्यांपैकी काही हातांना वाहून नेलेल्या मालाची चव लागते, हेही ओघाने येते.

आदिवासी समाज पूर्वीपासूनच दारू पितो, त्यात नवे ते काय, असा एक आक्षेप येथे घेतला जातो. त्यात अर्धसत्य आहे. वारली समाजात जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी दारूला स्थान आहे आणि देवाला व धरतीला तिची धार घातल्याशिवाय विधी पुरा होत नाही. परंतु ते पिणे पंक्तीतले होते. त्याला दिवस होता, निमित्त होते आणि शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांचा डोळा होता. ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. घरची दारू गुन्हा ठरली, गुत्त्यावरची दारू महसूल ठरली. गुत्त्यावर पिण्यास ना सण लागतो ना सोयरा. लागतात ते फक्त पैसे, आणि पैसे नसतील तर उधारी. आजचा एकटा मजूर वीटभट्टीच्या कडेला आठवड्याच्या खर्चीतून जी बाटली विकत घेतो तिचे नाते वारल्यांच्या लग्नमंडपाशी नाही, त्या गुत्त्याशी आहे.

या प्रश्नाची देशव्यापी मापेही उपलब्ध आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेतात आणि सुमारे ५ कोटी ७० लक्ष लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या अडचणींसाठी मदतीची गरज आहे. मद्याच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे याच पाहणीत आढळले. उरलेल्या ३७ जणांत ज्याला घर आहे त्याला घर सांभाळते. ज्याला घर उरले नाही त्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न आहे.

एक विसरलेला धडा

दारू सोडणे ही शहरी सुधारकांनी आदिवासींना शिकवायची गोष्ट आहे, असा एक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९२१ साली याच पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली आणि १९२२ च्या अखेरीस ती लाट डोंगरपट्टीतून दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरली. अंगात आलेली देवी सांगे की दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेदाराची पायरी चढू नका. हजारो आदिवासींनी एकत्र बसून ते ऐकले आणि पाळले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

या चळवळीतून आजच्या आश्रयगृहांबद्दल दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की व्यसन सोडण्याचा निश्चय माणूस बहुधा एकट्याने करीत नाही. त्याला सोबती लागतात आणि पुष्कळांना आपल्याहून मोठ्या अशा एखाद्या शक्तीचा आधार लागतो. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या 'अल्कोहॉलिक्स अनॉनिमस' या मद्यपींच्या बंधुसंघाने नेमके हेच सूत्र धरले. श्रद्धेवर चालणारी आश्रयगृहे आज जे करतात ते त्याच जातीचे आहे. दुसरी गोष्ट कडू आहे. देवीची शपथ पुष्कळ ठिकाणी वर्ष दोन वर्षांत ढिली पडली. जेथे गांधीवाद्यांचे आश्रम आणि शाळा मागाहून उभ्या राहिल्या, तेथे ती अधिक टिकली. श्रद्धेने माणूस उठतो हे खरे. तो उभा राहावा यासाठी मात्र रोजचे काम, रोजची सोबत आणि रोजची व्यवस्था लागते.

आश्रयगृह काय करते

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वसईत, 'कृपा फाउंडेशन' या संस्थेचे केंद्र आहे. कॅथलिक धर्मगुरू फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ही संस्था सुरू केली. परेरा स्वतः मद्याच्या विळख्यातून बाहेर पडलेले आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. म्हणूनच या ख्रिस्ती संस्थेच्या उपचारात बंधुसंघाच्या बारा पायऱ्यांबरोबर योगासने आणि प्राणायामही आले. २००९ साली परेरा यांना पद्मश्री मिळाली. भायखळ्याचे 'आशा दान' हे मदर तेरेसांच्या भगिनींचे घर १९७६ पासून रस्त्यावरच्या निराधारांना सांभाळीत आहे. ही सेवा ख्रिस्ती संस्थांपुरतीच आहे असे नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात उभे केलेले 'मुक्तांगण' कोणत्याही धर्मपीठाशी बांधलेले नाही. मनोरुग्ण निराधारांना रस्त्यावरून उचलून, बरे करून घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांचे कर्जतचे 'श्रद्धा' केंद्रही तसेच. वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थांच्या प्रार्थना वेगळ्या असल्या तरी कामाचा क्रम सारखा आहे. आधी शरीर, मग मन, मग माणसे.

या क्रमातील पहिली पायरी फार नाजूक आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, भास होतात, आकडी येते आणि वेळेवर औषध न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. म्हणून आश्रयगृहाच्या दारात प्रार्थनेइतकीच डॉक्टरची गरज असते. केवळ भक्तीच्या बळावर चालवलेले घर किती घातक ठरू शकते याचे दारुण उदाहरण तामिळनाडूतील एरवाडीचे आहे. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीस बंदी केली, अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली आणि दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतल्या. चर्च असो, मठ असो वा दर्गा, या कायद्यातून कोणालाही सूट असता कामा नये.

शरीर सावरले की खरे काम सुरू होते. माणसाला आपले नाव, गाव, मुलांची वये पुन्हा उच्चारायची असतात. घरी पत्र टाकायचे की नाही, टाकले तर काय लिहायचे, हा प्रश्न पोटाच्या भुकेपेक्षा मोठा होतो. तलासरीकडचा वारली मजूर असेल तर आणखी एक अडचण येते. त्याची बोली डॉक्टरला उमगत नाही आणि डॉक्टरची मराठी त्याला परकी वाटते. मान खाली घालून तो प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो आणि कागदावर भलतीच हकिगत चढते.

धर्मांतराची शंका

आता त्या संशयाविषयी. मिशनरी सेवा करतात ती बाप्तिस्म्यासाठी, असे सर्रास म्हटले जाते. हा संशय द्वेषातूनच येतो असे मानणे अन्यायाचे होईल, कारण त्याला महाराष्ट्राच्या इतिहासात आधार आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे धुरीण तिच्या सल्लागार मंडळात होते. सदन पुण्यास आल्यावर तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत असा बोभाटा झाला आणि १८९३ साली ही मंडळी बाहेर पडली. त्या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. परंतु पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुलींना आणून केडगावी सांभाळण्याचे काम पुण्यात वाद घालणाऱ्यांनी केले नाही, ते रमाबाईंनी केले, हेही तितकेच खरे. संशय घेणारे घरी राहिले आणि ज्यांच्यावर संशय घेतला गेला ते कामाला गेले, असे या राज्यात पुन्हा पुन्हा घडले आहे.

कायद्याची भूमिका पुरेशी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. तथापि आश्रयगृहाच्या बाबतीत कायद्याच्याही पुढे जाणारी एक नैतिक कसोटी लावावी लागेल. थरथरत्या हाताने जो भाकरी धरू शकत नाही त्याची संमती ही संमतीच नव्हे. म्हणून प्रार्थनेला बसणे ही जेवणाची अट आहे काय, न बसणाऱ्याला तीच खाट आणि तेच औषध मिळते काय, माणूस केव्हाही घरी जाऊ शकतो काय, त्याच्या सणाला त्याच्या देवाचे नाव घेण्यास मोकळीक आहे काय, आणि हिशेबाची वही बाहेरच्या माणसाला पाहता येते काय, हे पाच प्रश्न प्रत्येक घराला विचारावेत. ज्या घराकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत त्याच्या भिंतीवर क्रूस आहे की ओंकार, याला महत्त्व उरत नाही. ज्याच्याकडे उत्तरे नाहीत त्याला भिंतीवरील कोणतेही चिन्ह पवित्र करू शकत नाही.

हे प्रश्न विचारायचे तर त्या घरात पाऊल टाकावे लागते, ही यातील खरी मेख आहे. दर आठवड्याला येणारा, वेगळ्या धर्माचा, डोळे उघडे ठेवणारा स्वयंसेवक हा कोणत्याही सरकारी निरीक्षकापेक्षा चांगला पहारेकरी असतो. निराधारांच्या हिताची ज्याला खरोखर काळजी आहे त्याने संशय वर्तमानपत्रातून व्यक्त करण्यापेक्षा रविवारची सकाळ तेथे घालवावी.

दयेची मर्यादा

दुसरा आक्षेप डाव्या बाजूने येतो आणि तो अधिक खोल आहे. दारू हे दुखणे नसून लक्षण आहे, जमीन आणि मजुरी यांचा प्रश्न सुटल्याशिवाय आश्रयगृहे म्हणजे फाटक्या आभाळाला ठिगळ, असे हा पक्ष म्हणतो. तलासरीच्या भूमीत हा विचार रुजलेला आहे. १९४५ साली झरी येथील परिषदेतून वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा उठाव पेटला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. याच मुलखात १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली. तिचे एक संस्थापक प्रदीप प्रभू हे मूळचे जेझुइट धर्मगुरू. मिशनच्या चौकटीतील सेवा अपुरी वाटून त्यांनी जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्काची लढाई पत्करली. म्हणजे दया की न्याय हा वाद या दोन तालुक्यांत पुस्तकी नाही. एकेका माणसाच्या आयुष्याची त्याने दिशा बदलली आहे.

तथापि न्याय येईपर्यंत जो फलाटावर पडला आहे त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर न्यायाच्या बाजूनेही द्यावे लागेल. ज्याला वनहक्काचा दावा दाखल करायचा आहे त्याला आधी शुद्धीवर यावे लागते. ज्याला मुकादमाला हिशेब विचारायचा आहे त्याला गेल्या आठवड्याची मजुरी आठवावी लागते. उलट बाजूने आश्रयगृहांनीही हे ओळखले पाहिजे की तीन महिने सांभाळून, स्वच्छ कपडे देऊन ज्याला परत पाठवले तो त्याच कर्जात, त्याच उचलीत आणि त्याच गुत्त्याच्या वाटेवर उतरणार असेल तर त्याचे पुन्हा पडणे हा त्याच्या एकट्याच्या मनोबलाचा दोष ठरत नाही.

स्वयंसेवक कशासाठी

येथे स्वयंसेवेच्या अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाचा अभ्यास करून असे दाखवण्याचा प्रयत्न केला की पैसे देऊन घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक निर्धोक असते, आणि काही गोष्टींना किंमत लावताच त्यांचा दर्जा घसरतो. व्यसनातून उठणाऱ्याची सोबत ही अशीच गोष्ट आहे. पगारी सेवक जेवण वाढतो, पण कोणी तरी पगाराविना, आपली सुटी मोडून, केवळ भेटायला आले आहे या जाणिवेने जे होते ते वेतनश्रेणीत बसत नाही.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजू आहे. स्वयंसेवकाचे श्रम फुकट असतात हा भ्रम आहे. वाढदिवसाला फळवाटप करण्यासाठी आलेला, छायाचित्र काढून अर्ध्या तासात परतणारा पाहुणा संस्थेला देतो त्यापेक्षा अधिक घेतो. त्याच्यासाठी अंगण झाडावे लागते, रुग्णांना ओळीने बसवावे लागते आणि सावरू लागलेल्या माणसाला आपण प्रदर्शनातली वस्तू आहोत हे नव्याने शिकावे लागते. ज्यांना आयुष्यात सर्वांनी सोडून दिले त्यांच्याशी दोन आठवडे गोड बोलून तिसऱ्या आठवड्यात नाहीसे होणे हे तर न येण्यापेक्षा वाईट. थोडे, पण नेमाने, हा येथला पहिला नियम आहे. वारकरी वर्षातून एकदा चालतो, पण चुकवीत नाही. त्या नेमालाच वारी म्हणतात.

मग शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने तेथे जाऊन नेमके काय करावे? उपचार नव्हे, उपदेश तर नव्हेच. कारकुनाला अर्ज लिहिता येतो. निराधाराकडे आधार पत्र नसते, शिधापत्रिका नसते, बँकेचे पासबुक नसते, आणि यांपैकी एक मिळवायला दुसरे लागते. कचेरीच्या या चक्रव्यूहात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वाट कारकुनाइतकी कोणाला ठाऊक? शिक्षकाला वाचायला शिकवता येते आणि ऐकून घेता येते. विद्यार्थ्याचा उपयोग तर सर्वांत मोठा आहे. १९६९ साली गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. हे तास वृक्षारोपणाच्या त्याच खड्ड्यांत दरवर्षी घालवण्याऐवजी तलासरीच्या गोदावरी परुळेकर यांच्या नावाच्या महाविद्यालयातील वारली मुलामुलींनी रुग्णालयात दुभाषाचे काम केले, तर एका वर्षात किती हकिगती खऱ्या नोंदल्या जातील! जी बोली वर्गात बोलायला मुले लाजतात, तिच्यावाचून डॉक्टरचे अडते हे कळणे, हेही एक शिक्षणच आहे.

परत गेलेल्या माणसाची दर पंधरा दिवसांनी पाड्यावर जाऊन भेट घेणे हे काम तर शहरातील आश्रयगृहाला शक्यच नाही. ते स्थानिकांनीच करावयाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवरून असाच मार्ग दाखवला होता. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या हताश झाल्या नाहीत. त्यांनी शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. व्यसनमुक्तीच्या कामालाही त्याच वाटेने पाड्यावर जावे लागेल.

शासनाची वही

स्वयंसेवेचा गौरव करताना शासनाला मोकळे सोडणे हा मोठा प्रमाद ठरेल. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्र शासनाने वर्ध्यात १९७५ साली आणि गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी केली. चंद्रपुरात २०१५ साली केली आणि २०२१ साली उठवली. उर्वरित राज्यात दारू हे महसुलाचे मोठे साधन आहे. अलीकडच्या वर्षांत उत्पादन शुल्कातून राज्याला वर्षाकाठी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळत आले आहे, आणि जून २०२५ मध्ये हे शुल्क वाढवताना आणखी चौदा हजार कोटींची अपेक्षा व्यक्त झाली. या रकमेतून रुपयामागे केवळ एक पैसा व्यसनमुक्ती आणि निवाऱ्यासाठी राखून ठेवला तर वीस हजार कोटींवर दोनशे कोटी होतात, म्हणजे ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी साडेपाच कोटी. विशिष्ट कर विशिष्ट कामासाठी राखू नये, असे अर्थखाते म्हणेल. परंतु रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवताना याच राज्याने हे तत्त्व बाजूला ठेवले होते, आणि प्रत्येक शिक्षक व कारकून तो कर पगारातून भरत आला आहे. नोकरदाराचा पैसा मजुराच्या कामासाठी राखता येतो, तर दारूचा पैसा दारूने पडलेल्यासाठी राखण्यास कोणते तत्त्व आड येते?

निवाऱ्याच्या निकषातही दोष आहे. २०१३ पासून राबवलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे एक निवारा असे प्रमाण धरले. २०११ साली डहाणू शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे या हिशेबाने डहाणूच्या वाट्याला अर्धा निवारा येतो आणि तलासरीच्या वाट्याला काहीच नाही. माणूस तलासरीचा, पडतो वसईला आणि मोजला जातो कोठेच नाही. त्याला मोजणारा कायदा एकच, तो म्हणजे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा, जो त्याला उपचारासाठी नव्हे तर अटकेसाठी शोधतो. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील अटकेच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने न्यायालयाची वाट न पाहता त्या काढून टाकाव्यात. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. डहाणू आणि तलासरी या क्षेत्रात मोडतात. गुत्ता बंद करण्याचा ठराव आणि परतलेल्या माणसाला काम देण्याचा ठराव एकाच सभेत झाले, तर शंभर वर्षांपूर्वी देवीने जे अर्धे सोडले ते पुरे होईल.

ख्रिस्ती शेजारधर्माचा आधार म्हणून जी दयाळू शोमरोन्याची कथा सांगितली जाते, तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. वाटमारीत घायाळ झालेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधून तो शोमरोनी थांबला नाही. त्याने त्याला धर्मशाळेत नेले, तेथल्या रखवालदाराच्या हाती दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वाटेवर तो भरून देईन असे सांगितले. म्हणजे करुणेला तेथे घर लागले, पैसा लागला आणि परत येण्याचे वचनही लागले. डहाणू-तलासरीच्या वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणारे हात थोडे का होईनात, आहेत. धर्मशाळेचा खर्च भरणारे शासन आणि परतीच्या वाटेवर पुन्हा डोकावणारा शेजारी हे दोघे अद्याप यावयाचे आहेत. शासनाला आणण्यास मोर्चा आणि मतपेटी लागेल. शेजाऱ्याला येण्यास येत्या रविवारची पहिली गाडी पुरे.